गायतोंडे, पण 'तो' गायतोंडे नाही : कागद, शाई आणि 'रिकामी' म्हटलेली वर्षं

(हे आपल्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना अडखळलेलं, खोकलेलं आणि मध्येच ट्रॅक्टर गेलेला तेवढा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसं.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. मोबाईल हातात आहेच, त्यावर नुसतं 'गायतोंडे' टाका. पहिलं काय येतं? गणेश गायतोंडे. 'सेक्रेड गेम्स', 2018, गच्चीवर उभा राहून स्वतःला देव म्हणवणारा. मीम आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेत, मी पण केलेत. आता थोडं खाली या. एका चष्मेवाल्या माणसाचा काळापांढरा फोटो दिसेल. वासुदेव गायतोंडे, चित्रकार. त्याच्या शेजारी बहुतेक एक बातमी असेल, अमुक इतक्या कोटींना चित्र विकलं गेलं अशी.

म्हणजे या माणसाच्या नावापर्यंत पोचायचं तर आधी एक गुंड ओलांडायचा आणि मग एक किंमत. आजच्या भागात आपण दोन्ही ओलांडू आणि थेट कागदापाशी जाऊ. कॅनव्हासपाशी नाही, कागदापाशी. का ते कळेल हळूहळू.

मी मूळचा बेंबळीचा, धाराशिव तालुक्यातला. शिक्षण बीटेक, काम कोड लिहायचं. चित्रकलेचं माझं शिक्षण म्हणजे शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा, तेवढंच. त्यामुळं हा भाग समीक्षकाचा नाही. पण इतिहासाचा आहे, आणि इतिहासात एक जागा मला खटकते, ती तुमच्यासमोर ठेवायचीय.

आधी माणूस. वासुदेव संतू गायतोंडे, जन्म 1924, नागपूर. घराणं गोव्याचं. लहानपणाचा काही काळ गोव्यात, मग मुंबईत गिरगावात, चाळीत. आता चाळ म्हणजे काय हे आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना सिनेमातूनच माहीत. भिंतीला भिंत, गॅलरी सामायिक, आवाज चोवीस तास. शांततेचा चित्रकार म्हणून ज्याचं नाव पुढं जगभर झालं, तो असल्या गलक्यात वाढला. ही गोष्ट मला लई आवडते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 ला पदविका घेतली. नंतर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. हुसेन, रझा, सूझा यांचा तो गट, 1947 चा. मित्र त्यांना नुसतं 'गाय' म्हणायचे.

सुरुवातीला ते माणसं काढायचे. लघुचित्रांचा, म्हणजे बसोहली, जैन पोथ्या असल्या जुन्या भारतीय चित्रांचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. सपाट रंग, ठसठशीत रेघ. मग पाउल क्ले नावाच्या स्विस-जर्मन चित्रकाराचं काम त्यांच्या पाहण्यात आलं. क्ले छोट्या कागदांवर काम करायचा, एका कागदावर जलरंग, शाई, पेन्सिल सगळं एकत्र. त्या काळातली गायतोंडेंची कागदावरची कामं बघा. पातळ रंगाचे चौकोन-त्रिकोण एकमेकांवर बसलेत, त्यांच्यामधून शाईची रेघ फिरते, आणि कुठंतरी अजून एखादं माणूस, एखादा पक्षी अर्धवट शिल्लक आहे. माणूस चित्रातनं बाहेर निघायच्या तयारीत आहे, पण अजून पाय उंबऱ्यात आहे, असं.

पुढं तो निघालाच. 1950 चं दशक संपता संपता गायतोंडेंच्या चित्रातनं वस्तू गेल्या. 1957 ला टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं. 1963 ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांचं चित्र घेतलं. 1964 ला रॉकफेलर फेलोशिप घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. 1971 ला पद्मश्री. 1972 ला मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायला गेले. लग्न केलं नाही. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, बस. 2001 मध्ये गेले. हा झाला बायोडेटा. यातलं सगळं एका क्लिकवर मिळतं, म्हणून पळवलं.

आता एक शब्द. आपण 'अमूर्त' म्हणतो. गायतोंडेंना हा शब्द स्वतःच्या कामासाठी फारसा पटत नसे. त्यांचं म्हणणं, माझं काम 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तूविना. फरक काय? अमूर्त म्हणलं की वाटतं, आधी काहीतरी मूर्त होतं, डोंगर होता, बाई होती, मग त्याचं सार काढत काढत ओळखू येईना असं केलं. म्हणजे मागं एक उत्तर लपलंय आणि आपण ते ओळखायचंय. कोडं. गायतोंडे म्हणतात कोडं नाहीच. मागं काही लपलेलं नाही. जे आहे ते पुढ्यात आहे.

मला हे ऐकून हायसं वाटलं, खरं सांगतो. कारण 'मला यातलं काय कळत नाही' हे वाक्य आपण घाबरून म्हणतो. वाटतं की शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना उत्तर माहितीय आणि आपल्याला पेपर फुटून मिळाला नाही. पण पेपरच नाही तर फुटणार काय?

तर मग बघायचं काय? थर.

आपल्याकडं जुन्या माळवदाच्या घरांना पांढऱ्या मातीचा पोतारा देतात. सणाच्या आधी पोचारा भिजवायचा आणि भिंतीवरनं फिरवायचा. दरवर्षी एक हात. मागच्या वर्षीचा धूर, पोरांनी ओढलेला कोळसा, खुंटीखालचा तेलाचा डाग, सगळं झाकलं जातं, पण पूर्ण नाही. ऊन तिरपं आलं की खालचं वर दिसतं. भिंत एका रंगाची असते आणि नसतेही. ज्यानं अशी भिंत पाहिली, त्याला गायतोंडेंचा कॅनव्हास बघायला वेगळी शिकवणी लागत नाही, असं माझं मत आहे. आणि ज्यांनी आपल्या जिल्ह्यात तेरला उत्खननाचे खड्डे किंवा त्याचे फोटो पाहिलेत, त्यांना तर नक्कीच नाही. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं गाव. तिथं जमिनीला उभा काप दिला की पट्टे दिसतात. राख, विटा, खापरं, परत माती. गायतोंडेंच्या चित्रात तसाच काप दिलेला असतो, फक्त उभा नाही, पृष्ठभागालाच समांतर. वरच्या थराला जागोजाग खरवडून खालच्याला वर येऊ दिलेलं.

ते करायचे कसं? ब्रश जवळपास बाजूला ठेवला होता. रोलरनं रंग पसरायचा, पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या पात्यानं, तो खरवडायचा, वर पुन्हा पातळ केलेला तैलरंग चढवायचा. आणि यात कागद येतो तो असा. वर्तमानपत्राचे, मासिकांचे तुकडे फाडून-कापून ते ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. उचलताना कागद काही रंग घेऊन जातो, काही मागं सोडतो. चित्रात जे गूढ आकार तरंगताना दिसतात, चंद्रासारखे, शिक्क्यासारखे, ते बऱ्याचदा या फाटक्या कागदाचे ठसे आहेत. विचार करा. कोट्यवधींच्या चित्राचं अवजार म्हणजे रद्दी.

म्हणजे कागद गायतोंडेंना कधी सोडून गेलाच नाही. तरुणपणी त्यावर चित्रं केली. साठच्या दशकात शाई आणि जलरंगाची कामं केली. मोठ्या कॅनव्हासच्या काळात तो हत्यार म्हणून हाताशी राहिला. आणि मग 1984.

त्या वर्षी दिल्लीत त्यांना अपघात झाला. रिक्षाची धडक. मानेला इजा झाली. साठीचा माणूस, एकटा राहणारा. गायतोंडेंचा कॅनव्हास म्हणजे पाच-सहा फुटांचा, त्यावर रोलर दाबून फिरवायचा, वाकायचं, खरवडायचं. हे शरीराचं काम आहे, विहिरीवर रहाट ओढण्याइतकं नसेल, पण आहे. ते बंद पडलं. पुन्हा मोठ्या कॅनव्हासकडं ते वळले ते दशक संपताना.

मला खटकणारी जागा हीच. बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की या काळात गायतोंडेंनी 'चित्रं काढणं थांबवलं'. चरित्रात एक ओळ, आणि पुढं थेट नव्वदचं दशक. पण त्याच वर्षांतली कागदावरची शाईची कामं आहेत! 1985, 1987 अशी सालं त्यांच्यावर आहेत. गायतोंडे बऱ्याच कामांवर देवनागरीत सही करायचे, हे पण लक्षात ठेवा, न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पोचलेला माणूस. मग थांबवलं म्हणजे काय? मोठं, तेलरंगाचं, महाग ते चित्र, आणि कागदावरची शाई म्हणजे टाईमपास? ही इतिहासाची भाषा नाही, ही लिलावाची भाषा आहे. लिलावात कॅनव्हास एका रांगेत आणि कागद दुसऱ्या रांगेत. 19 डिसेंबर 2013 ला मुंबईत क्रिस्टीजच्या भारतातल्या पहिल्या लिलावात गायतोंडेंचा 1979 चा एक कॅनव्हास 23.7 कोटींच्या वर गेला. तेव्हापासून तर 'गायतोंडे म्हणजे कॅनव्हास' हे पक्कंच झालं. त्याचा परिणाम असा की माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वर्षं त्याच्या खात्यावर शून्य म्हणून जमा होतात.

ती कामं आहेत कशी? छोटी. हातभर कागद, त्यावर काळी शाई. बराचसा कागद पांढराच ठेवलेला. काळ्या आकारांची एक मांडणी, काही अक्षरासारखे, काही शिक्क्यासारखे, काही नुसते झटके. वाचता येईल असं वाटतं आणि येत नाही.

इथं आपल्या भागातल्या माणसाला एक फायदा आहे. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि निजामकाळातली दप्तरं उघडली. अर्धी उर्दूत, बरीच मोडीत. तालुक्याच्या कचेरीपासून घरच्या ट्रंकेपर्यंत लोक जुने कागद काढून बसले होते. मोडी वाचणाऱ्या माणसाला तेव्हा डॉक्टरपेक्षा जास्त मान होता. त्या राजकारणात आज शिरायचं नाही. पण तेव्हा लाखो लोकांनी एक गोष्ट केली जी आर्ट गॅलरीत कोणी करत नाही. आपल्याला न वाचता येणाऱ्या काळ्या शाईकडं तासन् तास, जीव लावून बघितलं. कुठं शाई दाट, कुठं बोरू कोरडा पडला, कुठं कागद फुगलाय, कुठं दुसऱ्या हातानं नंतर लिहिलंय. अर्थ कळत नव्हता तेव्हा डोळे बाकी सगळं बघत होते.

मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतात आणि मग अक्षरं खाली लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता, शब्दांत जागा न सोडता. त्यामुळं मोडीचं पान लांबून बघितलं की मजकूर नाही, पोत दिसतो. गायतोंडेंच्या शाईच्या कागदांवर मोडीचा प्रभाव होता, असा दावा मी करत नाहीये. त्यांचा ओढा झेनकडं होता, निसर्गदत्त महाराजांच्या विचारांकडं होता. हे निसर्गदत्त महाराज म्हणजे गिरगावाजवळ खेतवाडीत बिड्यांचं दुकान चालवणारे, मराठीत बोलणारे, आणि जगभरातनं लोक ज्यांना ऐकायला यायचे ते. मी एवढंच म्हणतोय की मोडीचा कागद बघायची नजर तुमच्याकडं असेल तर तीच नजर इथं चालते.

आता थोडं तांत्रिक, कारण मला राहवत नाही. तेल आणि शाई यांत फरक काय? तैलरंग वाळायला वेळ घेतो. दिवस, कधी आठवडे. तेवढ्यात तुम्ही खरवडू शकता, पुसू शकता, रद्दी दाबून उचलू शकता. म्हणजे कंट्रोल झेड आहे, थोडं खर्चिक, पण आहे. शाई कागदाच्या तंतूत शिरते. शिरली की शिरली. वर दुसरा थर देता येतो, पण पहिला मिटत नाही, तो खालनं बोलतच राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा लॉग आहे ज्यात फक्त पुढं लिहिता येतं, मागचं खोडता येत नाही. जलरंगात तर आणखी गंमत. तो पारदर्शक. उजेड रंगातनं आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातनंच परत येतो. म्हणून जलरंग आतून उजळल्यासारखा दिसतो. तीन पातळ थर असतील तर उजेड तिन्हीतनं जातो आणि तिन्हीतनं परत येतो. फोटोशॉपमधले लेअर वेगळे. ते वरखाली करता येतात, लपवता येतात, डिलिट करता येतात. कागदावरच्या थरांचा क्रम म्हणजे वेळेचा क्रम. आधी काय झालं ते खालीच राहणार.

म्हणजे बघा, ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं खरवडून, उचलून, पुसून चित्रं केली, त्याला वयाच्या साठीत, मान दुखत असताना, असं माध्यम घ्यावं लागलं जिथं खरवडता येत नाही. याला मी थांबणं म्हणणार नाही. माझ्या मते हा त्यांच्या कामातला सगळ्यात धाडसी बदल आहे, कारण इथं लपायला जागा नाही. कॅनव्हासवर शंभर निर्णयांतले साठ झाकले जातात. कागदावर दहाच निर्णय, पण दहाच्या दहा उघडे.

आणि ही एकट्या गायतोंडेंची गोष्ट नाही. मुंबईत वॉर्डन रोडला, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई रोडला, भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथं कलाकारांना कामाला जागा मिळायची. अल्काझींचं नाटक, रविशंकरांची सतार, आणि चित्रकारांचे स्टुडिओ एकाच आवारात. आजची को-वर्किंग स्पेस म्हणा, फक्त वायफाय नाही. तिथं गायतोंडे होते, आणि नसरीन मोहमदी नावाची एक तरुण चित्रकार होती. जन्म 1937, कराची, वाढली मुंबईत, शिकली लंडनला. गायतोंडेंना ती खूप मानायची. पुढं ती बडोद्याला शिकवायला गेली आणि तिनं रंग जवळपास सोडलाच. शाई, पेन्सिल, कागद आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगची साधनं. आपण ज्या मिनी ड्राफ्टरवर पहिल्या वर्षी रडलोय ना, तसल्या साधनांनी तिनं अशा रेघा मारल्या की त्या हलतात असं वाटावं. जवळजवळ एकाही कामाला नाव नाही, बऱ्याच कामांवर तारीख नाही.

तिला मज्जासंस्थेचा आजार होता, हातावरचा ताबा सुटत जाणारा. आणि तिच्या रेघा मात्र शेवटपर्यंत अधिकाधिक काटेकोर होत गेल्या. 1990 मध्ये ती अलिबागजवळच्या किहीमला गेली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. 2016 ला न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत एक तिचं होतं. आता दोघांना शेजारी ठेवा. 1985 च्या आसपास एक जण दिल्लीत मान सावरत शाईचे आकार मांडतोय, दुसरी बडोद्यात थरथरणाऱ्या हातानं सरळ रेघ मारतीय. दोघांचं सामान एवढंच, कागद आणि शाई. भारतीय कलेच्या इतिहासात याला एक अख्खं प्रकरण पाहिजे होतं. नसरीनला ते मिळालं, कारण तिचं मोठं काम कागदावरच होतं, वजा करायला कॅनव्हास नव्हते. गायतोंडेंना मिळालं नाही, कारण त्यांच्याकडं ते होते.

अजून एक विषयांतर, पण आपल्या मराठवाड्याचं आहे म्हणून करतो. कागद ही काही मुंबई-न्यूयॉर्कची मक्तेदारी नाही. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि इथंच राहिले असं सांगतात. चिंध्या कुटून, लगदा करून, जाळीवर एक एक पान उचलायचं. दौलताबादी कागद एके काळी दक्षिणेत दरबारी लिखापढीला चालायचा. हातकागदाचं पान उजेडाला धरा, आतले तंतू दिसतात, जाड-पातळ दिसतं. म्हणजे चित्रकारानं पहिला थर द्यायच्या आधीच कागदात एक थर असतो. कापसाचा. आणि योगायोग बघा, गायतोंडेंची चित्रं ज्या मोठ्या संग्रहात आहेत त्यातला एक उभा करणारे जहांगीर निकल्सन हे पण कापसाचेच व्यापारी.

(हसतो) बरं, परत येतो.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगतोयस तर फोटो टाक की भागाच्या खाली. टाकणार नाही, आणि त्याला कारण आहे. फोटो आपण मोबाईलवर पाठवतो तो जेपीईजी. 1992 चं स्टँडर्ड, अजून चालतंय, भारी काम आहे. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात डोळ्याला कमी जाणवणारे बारीक चढउतार कमी करून टाकतं. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलात ठेवतं, कारण चेहरे, झाडं, लग्नाचे फोटो बघताना आपल्याला फरक कळत नाही. पण गायतोंडेंच्या कागदावर आहे काय? करड्यातनं थोडं कमी करड्यात जाणारी जागा. कोरड्या फटक्याचे केस. तंतूत पसरलेली शाईची कड. म्हणजे जे जे चित्र आहे, नेमकं तेच अल्गोरिदमच्या दृष्टीनं फेकून देण्यासारखं आहे! मग तो फोटो व्हॉट्सॲपवरनं गेला की आणखी एकदा दाबला जातो. शेवटी तुमच्या हातात येतं ते, काळे डाग. आणि तुम्ही लिहिता, 'असलं तर माझं चार वर्षांचं पोरगं पण काढेल'. तुमचं काही चुकत नाही. तुम्हाला डागच पाठवलेत.

आता उलटी अडचण. प्रत्यक्ष बघायचं म्हणलं तरी कागद सहज दिसत नाही. कागदाला आणि शाई-जलरंगाला उजेड लागतो. संग्रहालयं कागदावरची कामं साधारण 50 लक्सच्या मंद उजेडात ठेवतात, तेही काही महिनेच, मग पुन्हा अंधारात, पेटीत विश्रांतीला. कॅनव्हास वर्षानुवर्षं भिंतीवर राहू शकतो. म्हणजे कॅनव्हास लोकांना दिसत राहतो, त्याच्यावर लिहिलं जातं, त्याची किंमत चढते, आणि कागद पेटीत. कागदाचा नाजूकपणा त्याच्या बदनामीला, बदनामी नको, विस्मरणाला कारण झाला. यात कोणाचा कट नाही. रसायनशास्त्र आहे.

2014 च्या ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडेंचं मोठं पूर्वावलोकन भरलं, 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं, पुढं व्हेनिसला गेलं. त्यात कॅनव्हासबरोबर कागदावरची कामं पण मांडली होती, सुरुवातीच्या माणसांपासून. ते चांगलं झालं. मराठीत वाचायचं असेल तर सतीश नाईक यांनी संपादित केलेला 'गायतोंडे' नावाचा मोठा ग्रंथ चिन्ह प्रकाशनानं काढलाय. महाग आहे, पण जिल्हा ग्रंथालयाला मागणीचा अर्ज करता येतो, दहा जणांनी केला तर जास्त लवकर हलतं. आणि प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास', मौज प्रकाशनाचं. बरवे पण जे. जे.चेच, गायतोंडेंच्या नंतरच्या पिढीतले. चित्रकार विचार कसा करतो हे मराठीत इतकं साधं लिहिलेलं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

प्रत्यक्ष बघायला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळं गायतोंडे लागले असतीलच असं नाही, जायच्या आधी विचारून घ्या. दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या भिंतींवर होमी भाभांच्या काळापासून जमवलेली चित्रं आहेत, त्यात गायतोंडे आहेत. अणुसंशोधन करणारी संस्था आणि भिंतीवर ही चित्रं! पण ती संस्था आहे, म्युझियम नाही, उठून गेलं आणि आत शिरलं असं होत नाही.

मागच्या भागाखाली एका मैत्रिणीनं विचारलं होतं, असल्या चित्रासमोर किती वेळ थांबायचं? नियम नाही. मी काय करतो ते सांगतो. आधी कडा बघतो, चारी बाजू, कारण कडेला थर उघडे पडतात, कुठला आधी कुठला नंतर ते कळतं. मग शाईचा सगळ्यात काळा ठिपका शोधतो आणि तिथनं उलटा, पांढऱ्याकडं चालत जातो. मग दोन पावलं मागं. मग तिरपं उभं राहून कागदाचा फुगवटा. याला सात-आठ मिनिटं जातात आणि तोवर 'याचा अर्थ काय' हा प्रश्न डोक्यात यायला फुरसत मिळत नाही. गार्ड बघतो संशयानं, बघू द्या. फोन खिशात ठेवलेला बरा, फोटो काढायला मनाई पण असते बऱ्याच ठिकाणी.

आणि ज्यांच्या घरी मोडीचे कागद निघाले होते त्यांनी, काम झालं म्हणून ते पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. सुती कापडात गुंडाळा, उजेडापासून लांब, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

कुणाकडं कागजीपुऱ्याचा जुना कागद असेल तर फोटो नको, वजन, मापं आणि उजेडाला धरल्यावर काय दिसतं ते लिहून पाठवा. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार चाललाय.

भेटू.